साचेवाल्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. गिरगावात ललिताबाईंच्या पुस्तकांच्या कपाटावर माझा मुक्काम. बटणं घट्ट झाली आहेत आणि विचारपूस करणारं कुणी उरलेलं नाही.

बाई कॉलेजात शिकवत आणि अभ्यास करत गर्दच्या प्रश्नाचा. म्हणजे नशेच्या त्या जीवघेण्या पुडीचा नव्हे, तर तिच्याकडे कोण कोणत्या नजरेनं बघतं, याचा. पोलीस म्हणत गुन्हा, डॉक्टर म्हणत आजार, पुढारी म्हणत वाईट संगत. बाई सांगायच्या, "प्रश्नाला नाव द्याल तसा त्याचा उपाय ठरतो." सगळ्यांचं बोलणं मी निमूटपणे पोटात घ्यायचो.

संपानंतर गिरण्या काही धड उभ्या राहिल्या नाहीत. त्या दिवसांत आम्ही लालबागला शेवंताबाईंच्या खोलीत गेलो. त्यांचा चंदू भिंतीला टेकून बसला होता. काम सुटलं आणि पोरगा गर्दच्या नादी लागला होता.

"गर्दुल्ला लिवणार ना, बाई? लिवा. पण आधी साचेवाला लिवा. कापड विणायचो मी," तो म्हणाला.

"साचेवालाच लिहीन," बाईंनी शब्द दिला. "नाव छापणार नाही. आणि लिहून झालं की कॅसेट पुसून टाकीन. पोलिसांच्या हाती लागायला नको."

बाईंनी सगळं पाळलं. पुस्तक गाजलं, सत्कार झाले, मलाही टेबलावर मिरवलं. चंदू मात्र तोवर गेला होता.

एका दुपारी शेवंताबाई गिरगावात आल्या. पुढे केलेल्या पुस्तकाला त्यांनी हातही लावला नाही. "त्याचा आवाज ऐकवा, बाई. घरात फोटू हाय, आवाज नाय."

बाईंचा चेहरा उतरला. "मावशी, कॅसेट पुसली हो. त्यालाच शब्द दिला होता."

"पोलिसांपासनं लपवलात, बरं केलंत," शेवंताबाई म्हणाल्या. "पण मी कुठं पोलीस होते?"

तरी त्यांनी हट्ट धरला, म्हणून बाईंनी ती कॅसेट लावली. तिच्यावर नंतर एका पोलीस अधिकाऱ्याची मुलाखत भरली होती. "असल्यांना आत टाकलं पाहिजे," तो माझ्या तोंडून ठणकावत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवंताबाई मात्र कान लावून शेवटपर्यंत बसल्या, मध्येच कुठेतरी पोरगा बोलेल म्हणून.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण एखाद्याचा आवाज पुसायची वेळ आली, तर आधी त्याच्या आईला विचारा.