चार बोटं

फायटरने या वेळी बायकोचा दात पाडला. खालचा, पुढचा. ती लेकीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा दात रुमालात बांधलेला होता, गळ्याशी कपड्यांवर रक्त वाळलेलं होतं आणि काखेतल्या पिशवीत एका जुन्या सिनेमाची डिस्क होती. बाकी काही नाही. उभ्या संसारातून पळताना माणूस काय उचलेल, याचा नेम नसतो.

फायटर हे त्याचं नाव नव्हे, धंदा. सिनेमात नायकाच्या हातचा मार खाऊन टेबलांवर, जिन्यांवर, काचांवर पडायचं, ही त्याची नोकरी. दिवसभर खोटा मार खायचा आणि घरी येऊन खरा द्यायचा. काम सुटून जमाना झाला, केस पिकले, पण घरचं काम त्याने सोडलं नव्हतं. लेकीच्या डाव्या भुवईवरचा व्रणही त्याच हाताचा होता.

लेकीने बादलीत गरम पाणी आणलं.

"गार आण," आई म्हणाली. "गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. गार पाण्यातही दोन-तीनदा चोळावं लागतं, तेव्हा कुठे फिका पडतो." या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग तिने डिस्क पुढे केली. "मला एवढं दाखव. ह्यात तुझा मामा ह्यांना खरा ठोसा मारतो."

मामा म्हणजे त्या सिनेमाचा फाइट मास्टर. बहीण सुजलेल्या डोळ्याने डबा घेऊन सेटवर आली, ती त्याने पाहिली. नायकाची पाठ दिसते अशा शॉटला तो स्वतः नायकाचा कोट चढवून उभा राहिला. संध्याकाळी बहिणीला येऊन म्हणाला, "आज खरा दिला त्याला. टेकही तोच ठेवलाय." पाठोपाठ नवरा मान खाली घालून आला, शर्ट रक्ताने माखलेला. पुढे महिनाभर त्याने हात उचलला नाही. सिनेमा लागला तेव्हा मात्र त्याने तिला जाऊ दिलं नाही. डिस्क तिला मामाने दिली, तीही अगदी शेवटच्या दुखण्यात. ती लावायला घरात काही नव्हतं, म्हणून ती डाळीच्या डब्यात लपून राहिली.

"संध्याकाळी ते न्यायला येतील," आई म्हणाली.

"तू जायचं नाहीस."

"तुला सोपं आहे गं. ते समोर आले की माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. पण एकदा कोणीतरी माझ्यासाठी हात उचलला होता, हे डोळ्यांनी बघितलं, तर निघेल."

लेक घरीच मशीनवर भरतकामाच्या ऑर्डरी करायची. मशीनला नक्षी पाठवायला कॉम्प्युटर होता आणि पूर्वी नक्ष्या डिस्कवर यायच्या, म्हणून त्याला ड्राइव्हही होता. तिने डिस्क ठेवली. ट्रे आत गेला, घरघर झाली, आत काहीतरी टकटकलं आणि पडद्यावर आलं : डिस्क घाला.

"घातलीये की मेल्या," लेक पुटपुटली.

तिने नक्षीची जुनी डिस्क लावून पाहिली. ती झटक्यात उघडली. म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. आईने तोवर सिनेमाची डिस्क उचलून ताट पुसावं तशी गोल गोल पुसायला घेतली होती. लेकीने ती हिसकावलीच. "गोल नाही. मधून काठाकडे, सरळ." अस्तराचं मऊ कापड ओलं करून तिने एकेक रेघ ओढली. तरी पुन्हा घरघर, पुन्हा टकटक. उजेडात धरली तर डब्याच्या काठाने पडलेला एक चरा दिसला. मग लेकीने बोटावर टूथपेस्ट घेऊन चरा हलक्या हाताने घासला, डिस्क धुतली, टिपली. या वेळी कॉम्प्युटरला डिस्क दिसली, पण सिनेमा दाखवायचा प्रोग्रामच त्याच्याकडे नव्हता. तो उतरवून घेईपर्यंत फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा लेकीने उचलला.

"पाठवतेस की येऊ?" बापाने विचारलं.

"नाही पाठवत."

त्याने फोन ठेवला. तिने कडी लावली, कडीला खुर्ची लावली आणि ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला.

सिनेमा सुरू झाला. चित्र अडखळत होतं, माणसं अर्धं वाक्य बोलून थिजत होती. लेक तुकडे गाळत पुढे पुढे नेत होती. अखेर दारूचा गुत्ता आला, आणि त्यात काळ्या केसांचा, ताठ मानेचा बाप. आईने रुमालातला दात घट्ट धरला. नायकाच्या कोटातली पाठ पुढे सरकली. मामाची पाठ. हात मागे गेला, सुटला आणि चित्र थिजलं.

बरोबर ठोशावर. ड्राइव्ह टकटकत राहिला, पण चित्र ढिम्म हलेना.

मामाची मूठ हवेत होती. बापाचं तोंड आधीच वळलेलं होतं, ओठांतून लाल पिचकारी उडालेली. आणि मूठ आणि गाल यांच्या मधून मागच्या भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसत होतं.

"पुढे ने," आई म्हणाली.

"जात नाहीये."

"मग मागे ने." तिचा आवाज बारीक झाला होता. तिलाही घड्याळ दिसलं होतं.

तेवढ्यात दारावर लाथ बसली. दुसऱ्या लाथेला कडी उपटली, खुर्ची भिंतीवर आदळली. लेक मध्ये आडवी आली. बापाने तिचे केस धरले आणि तिचं डोकं भरतकामाच्या मशीनवर आपटलं. भुवई जुन्याच जागी फुटली. लेक जमिनीवर बसली, एका डोळ्यात रक्त उतरलं.

"चल," तो बायकोला म्हणाला.

ती पडद्याकडेच बघत होती. त्यानेही पाहिलं, आणि तो हसला. अगदी मनापासून, जुना मित्र भेटावा तसा.

"ह्यासाठी डोकं फोडून घेतलंत? अगं, तुझा भाऊ मला कशाला मारेल? चार बोटं अंतर ठेवायचा तो. कायम चार बोटं. मोठा कारागीर माणूस."

"शर्टावर रक्त होतं."

"रंग गं. साखरेचा पाक आणि रंग. तोच म्हणाला, खरा बसलाय असं दाखव, तिच्या जिवाला बरं वाटेल. गाडीत पोट दुखेपर्यंत हसलो होतो आम्ही."

"एका धुण्यात निघालं होतं," आई सावकाश म्हणाली. "पुरतं निघालं. मला कळायला हवं होतं."

"हे बघ, असं." त्याने मूठ वळून तिच्या गालापाशी आणून थांबवली. "इथे थांबायचं. कळलं? आता ऊठ."

ती उठली. शेजारच्या टेबलावर लेकीची इस्त्री होती, जुनी, लोखंडी, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. मध्ये काहीही अंतर नव्हतं.

हाड मोडल्याचा आवाज सिनेमातल्यासारखा मुळीच नव्हता. जन्मभर पडायची नोकरी केलेला माणूस, पण हात टेकायलाही विसरला. तोंडावरच पडला. त्याने तिच्या पायाकडे हात नेला तसा तिने त्या हातावर दुसरा घाव घातला. बोटं चिरडली. तो ओरडला आणि मग नुसता कण्हत राहिला.

लेकीला आईला थांबवता आलं असतं. ती उठली नाही. तिला आनंद झाला होता, आणि आनंद झाला याची लाज नंतर वाटेल तेव्हा वाटेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या वेळी इस्त्री वर गेली तेव्हा मात्र ती म्हणाली, "आई, पुरे."

आईने इस्त्री खाली ठेवली. लेकीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगितला, जबडा मोडलाय म्हणाली, आणि पलीकडून कसं झालं विचारलं तेव्हा जे झालं ते सांगितलं.

ऑर्डरीचा पांढरा तागा टेबलावरून खाली घसरला होता, त्याच्या टोकावर बापाचं रक्त पसरलं होतं. आई बादली ओढून खाली बसली. गार पाण्यात कापड बुडवून तिने साबण लावला, चोळलं, पिळलं, पुन्हा चोळलं. मग ते उजेडात धरून नीट पाहिलं.

"निघत नाही गं," ती म्हणाली, आणि कापड तसंच मांडीवर घेऊन बसली.