तिच्या डोळ्यांना लावलेली दुर्बीण

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, जुन्या स्वेटरांच्या मागे इतकी वर्षं कोंडलेली दुर्बीण म्हणजे मी. कारखान्यात काचा घासून घासून माझे डोळे घडवले. माझ्या मधोमध एक चाक आहे. मला जो हातात घेईल, त्याने आपल्या नजरेप्रमाणे ते फिरवायचं.

एका चष्मेवाल्यांनी मला विकायला आणलं आणि स्वतःकडेच ठेवून घेतलं. फार लाड केले माझे. आधी फुंकर, मग मऊ फडकं. त्यांच्या मुलाने पहिलं विमान माझ्यातूनच पाहिलं, आणि मग पोराला दुसरं काही सुचेना. पुढे तो हवाई दलात वैमानिक झाला.

त्याच्या पहिल्या हवाई कसरतींना आम्ही सगळे गेलो. त्याने बजावलं होतं, "पाण्याच्या टाकीजवळ पिवळी चादर अंथरा, म्हणजे वरून ओळखेन." पण चष्मेवाले पडले नजरेचे माणूस. टाकीजवळ ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. त्यांनी चादर उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

"अहो, त्याला कळायचं कसं?" त्याची आई म्हणाली.

"पिवळी आहे ना, दिसेल की."

पोराचं विमान आलं तेव्हा मी आईच्या हातात होते. तिने चाक आपल्या नजरेला लावून घेतलं. विमान लांबवर खाली झेपावलं, वर चढलं, शेपटीतून जाळ निघाला आणि ते झाडांपलीकडे पडलं. मित्रांनो, काचेत काही उरत नाही म्हणतात. मग डबीच्या अंधारात मला अजून ते विमान का दिसतं?

चष्मेवाल्यांनी मला डबीत ठेवलं. झाकण लावताना एकटेच पुटपुटले, "मला शोधत राहिला आणि पडला." त्यानंतर त्या दिवसाचा विषय निघाला की ते उठून जायचे. त्यांना काय खातंय ते आईला माहीत नव्हतं. तिने काय पाहिलं ते त्यांना माहीत नव्हतं. मला दोन्ही ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. माझ्या काचांवर बुरशी चढली.

बऱ्याच वर्षांनी, यंदा, कसरतींना जायचा आईनेच हट्ट धरला आणि माझ्या काचा पुसून घेतल्या. पुन्हा तेच मैदान, तीच चादर.

"टाकीजवळ अंथर," चष्मेवाले म्हणाले. "तेव्हा मी हलवली. तो बिचारा आपल्याला शोधत राहिला, म्हणून गेला."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "शोधत? अहो, लांबूनच आपल्या चादरीकडे वळून पंख हलवले त्याने. डावीकडे, उजवीकडे. मी दुर्बिणीतून पाहिलं ना. जाळ त्यानंतर निघाला."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बसायचात कुठे ऐकायला?"

मग त्यांनी मला डोळ्यांना लावलं.

"धूसर दिसतंय."

"चाक फिरवा. माझ्याच डोळ्यांवर राहिलंय ते, त्या दिवसापासून."

मित्रांनो, माझ्यासारखीला बंद डबीत कुजू देऊ नका. अधूनमधून हवा दाखवा, मऊ फडक्याने पुसा. आणि आपल्या माणसाने काय पाहिलं, ते वेळेवर विचारा.

चष्मेवाल्यांचा अंगठा चाकावर आला आणि तिथेच थांबला. "राहू दे," ते म्हणाले, "तू असंच पाहिलंस ना त्याला?" आणि नजरेच्या त्या माणसाने सगळ्या कसरती धूसरच पाहिल्या.