धावदोरा

“अगं, मशीन मार ना सरळ! पाच मिनिटांचं काम, आणि तू सकाळपासून जमिनीवर फतकल मारून बसलीयस.” काकू पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. “संध्याकाळी पाहुणे यायचेत. जमत नसेल तर तसं सांग, कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलावते. राग नको मानू हं.”

“जमतंय, काकू.”

“काय जमतंय? अजून दुसराच पडदा चाललाय.”

तिने पुढचा टाका घातला. सुई टोचली, तिने बोट चोखलं, उठून पाणी प्यायली, पुन्हा बसली. आई गेल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. बूड एका जागी टिकत नव्हतं. कपाट उघडायचं आणि कशाला उघडलं तेच विसरायचं. पण काकूंचे पडदे अर्धवट राहिलेत आणि त्या ते दुसऱ्याला देणार आहेत, हे कळल्यावर मात्र ती आईची सुयांची डबी घेऊन तडक निघाली. आईच्या टाक्यांना परका हात लागायला नको होता, एवढंच.

आईने जन्मभर पडदेच शिवले. शाळेच्या रंगमंचाचा मखमली, फोटोवाल्याच्या खुर्चीमागचा, एकाच खोलीत दोन भावांनी संसार थाटले तेव्हा मधे टांगलेला. पद्धत एकच. कापड आधी आठवडाभर नुसतं लोंबत ठेवायचं. “त्याला दमू दे, मग ते आपली खरी उंची सांगतं,” ती म्हणायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं. मग ती जायची, गुडघे टेकून कड दुमडायची, निळ्या दोऱ्याने लांब लांब धावदोरा घालायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन हाताने तुरपायची. या घरात तो दुसरा दिवस आलाच नाही.

दवाखान्यात पडल्यापडल्याही तिची नजर खाटेभोवतीच्या पडद्यावर. “बघ गं, कड कशी तिरकी गेलीय! डोळे मिटून शिवलाय की काय?” नर्सलाही हसू आलं होतं. पुढे त्याच नर्सने तो पडदा घाईघाईने ओढून घेतला आणि लेक बाहेर राहिली. तिरक्या कडेखालून तिला डॉक्टरांचे बूट तेवढे दिसत होते.

चौथा पडदा तुरपून झाला तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. काकू उशांचे अभ्रे काखोटीला मारून आल्या आणि वाकल्या.

“टाके जरा मोठे आलेत गं. ताईंचे तर दिसायचेसुद्धा नाहीत.”

“हो ना.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. “असू दे. पाहुणे काय वाकून बघणारेत? तेवढा निळा दोरा मात्र काढ बाई.”

तिने कात्री उचलली आणि ठेवून दिली. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढलं. अडकेल असं वाटलं होतं, पण तो सरसरत सगळा निघून आला. आईने टोकाला गाठ मारलीच नव्हती.

चारही पडद्यांवर भोकांच्या बारीक ओळी उरल्या. नखाने घासलं की ती भोकं बुजतात. तीन पडद्यांची तिने बुजवली. चौथ्याची बुजवत खिडकीकडच्या कोपऱ्याशी आली, आणि उरलेली वीतभर ओळ तशीच ठेवून उठली.