कच्च्या नंबराची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी पाटी आहे. माझ्यावर लाल अक्षरांत एक नंबर आहे, पण तो कुणी पाठ केला नाही. नव्या गाडीला पक्का नंबर मिळेपर्यंत जी तात्पुरती पाटी लावतात, ती मी. वाघोलीत सगळे मला 'कच्चा नंबर' म्हणत.

शोरूममध्ये कागदांवर सह्या झाल्या आणि समाधानच्या पांढऱ्या गाडीवर मला चिकटवले. त्यांच्या घराण्यातली ती पहिली गाडी. त्याच्या बायकोने, पायलने, बोनेटवर फुले वाहिली, सर्वांनी हात जोडून त्रिसरण म्हटले. माझा ऊर भरून आला. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

समाधानचे वडील सुखदेवआबा चौतीस वर्षे शहरात बस चालवून निवृत्त झालेले. गाडीभोवती फेरी मारून ते म्हणाले, "शिरूरला आक्काकडं जाऊन येऊ. लई दिवस झाले तिला बघून."

चंद्रभागाआक्का ही त्यांची थोरली बहीण, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. एसटीचे धक्के आबांच्या कमरेला सोसत नव्हते.

"जाऊ की आबा. पण पक्का नंबर येऊ द्या. १९५६ घेणारे मी," समाधान म्हणाला.

त्याचा हट्ट वाईट नव्हता. त्या साली आठ वर्षांची चंद्रभागा वडिलांचे बोट धरून नागपूरला धम्मदीक्षेला गेली होती. तो आकडा मिरवत गाडी आत्याच्या दारात उभी करायची, असे त्याने मनाशी धरले होते. पण आरटीओच्या चालू मालिकेतला तो नंबर आधीच दुसऱ्या कुणाला गेलेला. नवी मालिका उघडेपर्यंत थांबणे आले.

"अहो, कच्चा असला तरी नंबरच आहे ना? रविवारी जाऊन या," पायलने सुचवले.

"आत्याला दाखवायचं ते नीट दाखवू."

मग मी भाजीला जायची आणि उरलेला वेळ कव्हरखाली काढायची. आबा रोज खाली येत, कव्हरची कड उचलून मला बघत. मी अजून तिथेच आहे हे पाहून ते कड खाली सोडत. मला फार लाज वाटायची.

पाच आठवड्यांनी पहाटे शिरूरहून फोन आला. आक्का गेल्या होत्या. आम्ही तसेच निघालो. दीड तास लागला, मित्रांनो. वाटेत मला कुणीही अडवले नाही.

दारात आक्कांचा मुलगा पोपट भेटला. "मामा, गाडी घेतल्याचं कळल्यापासून आई दाराकडं तोंड करूनच निजायची. म्हनायची, आता सुखा कवापण येईल."

आबा खाली मान घालून आत गेले. समाधान त्यांच्या मागोमाग गेला. नंबराचे नाव त्याने तिथे काढले नाही.

पुढच्या महिन्यात १९५६ मिळाला. मला ओरबाडून काढताना मी अर्धी फाटले. आता मी डिकीत, जुन्या फडक्यांत पडून असते. कधी कधी पुढचे बोलणे ऐकू येते.

"आबा, चक्कर मारायची का?"

"कुणाकडं?" आबा विचारतात.

मित्रांनो, मी तात्पुरती होते, पण शिरूरला जाण्याइतकी पुरेशी होते. तुमच्या घरी कुणी भेटीसाठी झुरत असेल, तर पाटी बघत बसू नका. त्यांना गाडीत बसवा आणि निघा.