शेवटच्या स्वल्पविरामानंतर

मित्रांनो, मी शिरूरच्या एका छापखान्याच्या संगणकातली जुनी फाइल आहे. माझ्यात अक्षरं नाहीत, फक्त त्यांची मापं आहेत. कोणतं अक्षर किती रुंद ते मी सांगते आणि त्यावरून पान जुळवणारं सॉफ्टवेअर ओळ कुठे संपेल ते ठरवतं. अक्षरांचे आकार दुसऱ्या फाइलीत असतात. प्रिंटर ते आकार छापतो.

मालक बापूसाहेब मला जपत. पुढे म्हाताऱ्या माणसांना वाचता यावं म्हणून त्यांनी अक्षरं जाड, रुंद करून घेतली. त्यांच्याबरोबर नवी मापं आली. मी जुन्या फोल्डरमध्ये पडून राहिले.

यंदा माघात बापूसाहेब गेले. दौंडला दिलेली त्यांची लेक ज्ञानेश्वरी आली आणि दशक्रियेचं कार्ड तिनेच जुळवायला घेतलं. अक्षरं तिने नवी घेतली, मापं मात्र माझी. आम्हा दोन्ही माप-फाइलींचं नाव एकच असल्याने तिची गल्लत झाली. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं म्हणून मी खूश झाले, याचीच आता लाज वाटते.

घरच्यांच्या नावांनंतर तिने लिहिलं, इमाम शेख. तीस वर्षं छपाईचं मशीन त्यांनीच चालवलं होतं. मी जुनी, अरुंद मापं सांगितली. पडद्यावर ओळ बसली. कागदावर ती वाढली आणि शेवटचं नाव कडेबाहेर गेलं. कार्डं छापली इमामचाचांनीच.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर ते लांब उभे राहिले.

"चाचा, पुढे या ना."

"हितंच बरं हाय, ताई. कार्डात घरच्यांचीच नावं हायेत."

ज्ञानेश्वरीने कार्ड पाहिलं. ओळीच्या शेवटी नुसता स्वल्पविराम होता.

"छापताना दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. घरात ठरलं आसंल म्हणून गप छापलं."

"मी लिहिलं होतं, चाचा. खरंच लिहिलं होतं."

त्यांनी कार्डावरच्या त्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं. "बापूसाहेब आसते तर म्हणले आसते, इम्या, लई जाडा झालास, वळीत मावंना."

ती हसली आणि तिला रडू फुटलं. मग हात धरून तिने त्यांना घरच्यांच्या रांगेत नेलं.

मित्रांनो, घाटावर त्यांना जागा मिळाली. पण गावोगावी गेलेल्या सहाशे कार्डांवर ती नाही, आणि ते माझ्यामुळे. म्हणून एवढंच मागते. अक्षरं न्याल तिथे त्यांचीच मापं न्या. पडद्यावर ओळ बसली म्हणून उठू नका. छापलेला कागद हातात घ्या आणि शेवटच्या नावापर्यंत वाचा. ज्याचं नाव गळतं, तो बहुतेक वेळा काहीच बोलत नाही.