पांढऱ्या पट्ट्याचे शब्द

अमेरिकेतल्या वाबाश नदीकाठचं ते एल्मचं झाड गव्हर्नर जोसाया हॅलकच्या चांगलंच ओळखीचं होतं. पलटणीत कॅप्टन असताना याच झाडाखाली त्याने तिथल्या मायामी जमातीच्या मुखियाला, वापिमाक्वाला, शब्द दिला होता. तेव्हा कोट मळका होता, पण शब्द खरा होता. पुढे लढाया मारत, वरच्यांची मर्जी सांभाळत गडी अख्ख्या मुलखाचा गव्हर्नर झाला आणि आज तोच काठ मायामींकडून लिहून घ्यायला आला.

"तेव्हा मला भाऊ म्हणायचास," म्हातारा वापिमाक्वा हसला. "आता म्हणे आम्ही तुला बाप म्हणायचं! एवढा कधी रे म्हातारा झालास?"

दुभाषा बातीसने हसू दाबत ते सांगितलं. हॅलकला हसायला जमलं नाही.

मग म्हाताऱ्याने शिंपल्याच्या पांढऱ्या मण्यांचा पट्टा त्याच्या हातांवर ठेवला. मायामी करार असाच जपतात. शब्द देणारा पट्टा देतो, आणि मागितलं की तोच पट्टा हातात धरून तेच शब्द पुन्हा म्हणतो.

"बोल. तू म्हणशील ते आम्ही मानू. मग कागदाचं बघू."

हॅलकला शब्द न् शब्द पाठ होता. 'तुमच्या चुली इथेच राहतील. कुणी उठवायला आलं, तर त्याची गाठ आधी माझ्याशी.' पण हे तोंडातून निघालं की जमीन गेली आणि गव्हर्नरकीही गेली.

"मला... आठवत नाही."

आता म्हातारा भडकणार, असं त्याला वाटलं. भडकला असता तर बरं झालं असतं. पण पट्टा हातात असताना कुणी खोटं बोलेल, हे त्या माणसाच्या डोक्यातच येईना. त्याचा चेहरा कळवळला.

"अरेरे, याचं डोकं गेलं की! माझ्या भावाचं असंच झालं होतं. शेवटी बायकोलाही ओळखेना." त्याने अंगावरची घोंगडी काढून हॅलकच्या खांद्यांवर घातली. "आजाऱ्याशी कसलं भांडायचं? शब्द देणाराच उरला नाही, मग शब्द कुठला उरायला? आणा तो कागद."

त्याने कागदावर सहीची खूण केली. भोवतीच्या बायका आपल्या घरांकडे बघत राहिल्या.

"काय शक्कल काढलीत, साहेब!" बातीस कानाशी कुजबुजला.

हॅलकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याची लेक मक्याची पेज घेऊन समोर बसली होती.

"घ्या, काका. बरं वाटेल."

सगळं आठवतंय मला, असं ओरडावंसं वाटलं त्याला. त्याने तोंड उघडलं आणि तो पेज प्याला.