सासूबाई बसल्या की इंजिन बंद

दोन आठवडे बोटीनं नावाड्याच्या नाकी नऊ आणले होते. बोट तशी लहान, वीसेक माणसांना नदीच्या या काठावरून त्या काठावर नेणारी. मध्येच सुकाणूसमोरचे सगळे दिवे विझायचे, इंजिन मान टाकायचं, आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात दिवे परत लागायचे. त्यानं बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, चावीचा स्विच नवा बसवला. वायरमनला बोलावलं, पण तो आला की बोट एकदम शहाण्यासारखी वागायची.

"दुखणं डॉक्टरसमोरच लपायला लागलं, तर मी तरी काय करू?" म्हणत त्यानंही हात टेकले.

त्यातच सासूबाई राहायला आल्या. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून. एकदा बसल्या की त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती.

"लेकीचा संसार ज्या बोटीवर चालतो, ती बघू तरी द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या.

सुट्टीच्या सकाळी नावाडी, बायको आणि सासूबाई असे तिघं निघाले. सासूबाई मागच्या बाकावर ऐसपैस बसल्या. नावाड्यानं चावी फिरवली, तर दिवाच नाही.

"काय झालं हो?" सासूबाई उठून पुढे आल्या. दिवे लागले. इंजिन सुरू झालं, बोट धक्क्यापासून सुटली. सासूबाई समाधानानं पुन्हा बसल्या. फट्! सगळं गप्प.

त्या उठल्या, दिवे लागले. त्या बसल्या, दिवे गेले.

नावाड्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि लगेच कपाळाला घाम फुटला. कारण सापडलं होतं खरं, पण ते सासूला सांगायचं कुठल्या तोंडानं?

"आई, तुम्ही जरा समोरच्या बाकावर बसता का? तिकडून नदी छान दिसते."

"मला इकडूनही नदीच दिसतेय."

"नाही, म्हणजे... ऊन लागेल तुम्हाला."

"ऊन तिकडे आहे, जावईबापू."

तरी त्या कुरकुरत समोर जाऊन बसल्या. इंजिन सुरळीत चालू लागलं. पण खात्री करून घेतल्याशिवाय नावाड्याला राहवेना.

"आई, आता परत मागे बसा बरं."

"आत्ताच तर उठवलंत! मी काय तुम्हाला बुद्धिबळातली सोंगटी वाटले?"

त्या बसल्या. इंजिन बंद. आतापर्यंत ओठ दाबून बसलेली बायको खदखदून हसली. "अहो, सांगून टाका की एकदाचं!"

सासूबाईंनी विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं, बुडाखालच्या बाकाकडे पाहिलं, मग जावयाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे.

"म्हणजे हे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही, आई. बाकावर जरा... भार आला की..." त्यानं डोळेच मिटून घेतले.

आणि सासूबाई हसल्या. अशा हसल्या, की बाक गदगदा हलू लागला आणि प्रत्येक हास्यासरशी दिवे लागायचे, विझायचे, लागायचे, विझायचे. ते बघून तिघांचीही हसून मुरकुंडी वळली.

परत येताना सासूबाई धक्क्यापर्यंत उभ्याच राहिल्या, म्हणून इंजिन चाललं. वायरमनला निरोप गेला. तो आल्यावर बॅटरी सोडवून दोघांनी मागच्या बाकाची फळी उचकटली. बॅटरीकडून येणारी जाड वायर नेमकी तिच्याखालून गेली होती. फळी खचली होती, वर भार आला की वायर दाबायची. वरून वायर अगदी धडधाकट दिसत होती. नावाडी तिच्यावरून अंगठा फिरवत गेला आणि एका ठिकाणी ती मऊ लागली. तिथलं रबर कापलं, तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. जेमतेम दोन-तीन तारा शाबूत होत्या.

"पण मी बसलो की कधीच कसं बंद पडलं नाही?" वायरमन म्हणाला.

नावाड्याच्या बायकोनं त्याच्या काडीसारख्या देहाकडे पाहिलं. "दादा, तुम्ही बसलात हे बाकाला कळलंच नसेल!"

वायरमनलाही हसू आवरेना. दोघांनी मिळून नवी वायर टाकली, या वेळी बोटीच्या कडेकडेनं, क्लिपा मारून. टोकं घट्ट आवळली, वर ग्रीस चोपडलं, फळी नीट बसवली.

"चला, आई," नावाडी आता बेधडक म्हणाला, "बसा!"

"हळू बसू की मनापासून?"

"मनापासून!"

सासूबाईंनी बाकावर बसकण मारली. इंजिन धडधडत राहिलं. बायको शेजारी जाऊन बसली, वायरमनही बसला. सासूबाईंनी बसल्या जागी दोन उड्या मारल्या. एकही दिवा लुकलुकला नाही. नावाड्यानं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की धक्क्यावरचे लोक वळून बघू लागले.

मग सासूबाईंनी सुकाणूच मागितलं आणि नावाड्यानं ते हसत त्यांच्या हाती दिलं, स्वतः मागच्या बाकावर वायरमनच्या पलीकडे जाऊन बसला. बोट नदीतून नागमोडी निघाली.

"जावईबापू, ही सारखी डावीकडे का जातेय?"

"तुम्ही वळवताय म्हणून, आई."

"असं होय!" म्हणत त्यांनी सुकाणू गर्रकन उजवीकडे फिरवलं. तिघंही बाकावरून एकमेकांच्या अंगावर घसरले. मधल्यामधे चेपलेला वायरमन ओरडला, "आजी, आणखी एकदा!"